नाव कोरले जाण्याआधीची लढाई

राजधानीत बदलून आलेला मराठी अधिकारी असो, की गावाकडच्या पाहुण्यांना दिल्ली दाखवणारा नोएडा-गुरुग्रामचा मराठी रहिवासी असो, इंडिया गेटपाशी आल्यावर पणजोबांच्या नावाचा विषय अनेक कुटुंबांत निघतो. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील कित्येक घरांत पहिल्या महायुद्धाची आठवण अजून शिल्लक आहे. ‘लढाईवर गेले ते परत आले नाहीत’ एवढ्या एका वाक्यात ती तीन-चार पिढ्या उतरत आलेली असते. त्या वाक्याचा पुरावा कमानीवर शोधला जातो आणि बहुतेक वेळा तो सापडत नाही. नाव नाही, म्हणजे सरकारदरबारी त्या मरणाची दखलच घेतली गेली नाही, असा निष्कर्ष काढून माणसे परततात.

हा निष्कर्ष घाईचा आहे. पण त्यामागची खंत निराधार नाही. युद्धकाळातील प्रत्येक मृत्यू हा स्मारकावर नाव कोरण्यास पात्र मृत्यू नसतो. कोणते मरण युद्धातले मानायचे, हे रणांगणावर ठरत नाही. ते नंतर, कागदावर ठरते. त्या कागदाचे नियम कोणी केले, पुरावा कोणाच्या हाती आहे आणि तो मांडण्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर टाकले आहे, हे तीन प्रश्न शंभर वर्षांपूर्वी जेवढे महत्त्वाचे होते, तेवढेच आजही आहेत. देशातील सर्वांत महत्त्वाची युद्धस्मारके दिल्लीत एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर उभी असल्याने या प्रश्नांची चर्चाही दिल्लीतच व्हायला हवी.

कमानीवर कोण आहे, कोण नाही

इंडिया गेटची पायाभरणी १० फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कनॉट यांच्या हस्ते झाली आणि १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी तिचे अनावरण केले. १९१४ ते १९२१ या काळात मरण पावलेल्या अविभाजित हिंदुस्थानच्या सुमारे ७०,००० सैनिकांचे हे राष्ट्रीय स्मारक मानले जाते. परंतु प्रत्यक्ष कोरलेली नावे आहेत सुमारे १३,३००. यांतील हजारभर सैनिकांच्या कबरी सिंधू नदीपलीकडे आहेत आणि तेथे त्यांची निगा राखणे शक्य नव्हते. उरलेले सैनिक वायव्य सरहद्दीवर व १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात पडले. त्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही. म्हणजे इंडिया गेट ही सर्व मृतांची यादी नव्हे, ती एका विशिष्ट रणक्षेत्राची यादी आहे.

मराठा पलटणी त्या महायुद्धात प्रामुख्याने लढल्या त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करली आणि त्यानंतर तुर्की कैदेतील पायपिटीत व छावण्यांत हजारो हिंदी सैनिक दगावले. या आघाडीवर मृत झालेल्या आणि कबर ज्ञात नसलेल्या ४०,५०० हून अधिक सैनिकांचे स्मारक बसऱ्याला आहे. साताऱ्याच्या पणजोबांचे नाव दिल्लीच्या कमानीवर न सापडण्याचे कारण बहुधा एवढेच असते की, ते दिल्लीच्या यादीतले नव्हेत, बसऱ्याच्या यादीतले आहेत.

पात्रतेचे तीन प्रश्न

या साऱ्या याद्या सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचा नियम तीन प्रश्नांत सांगता येतो. मृत व्यक्ती कोण होती? मृत्यू केव्हा झाला? आणि तो कसा झाला? पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ ही मुदत ठरलेली आहे. तोफा थंडावल्यानंतरही ही मुदत बरीच पुढे जाते, कारण जखमा व आजार तहाच्या तारखा पाळत नाहीत.

या मुदतीत सैनिक सेवेत असताना मरण पावला असेल, तर तिसरा प्रश्न विचारलाच जात नाही. गोळी लागून, विषमज्वराने, आगगाडीच्या अपघातात वा पुण्याच्या लष्करी इस्पितळात, मृत्यू कसाही आला तरी नाव पात्र ठरते. सेवेतून मुक्त झाल्यावर मुदतीच्या आत मृत्यू आला असेल, तर मात्र तो सेवेमुळेच ओढवला हे कागदाने सिद्ध करावे लागते. व्यापारी जहाजांवरील खलाशांच्या बाबतीत मृत्यू युद्धातील कारवाईमुळे झाला असला पाहिजे, अशी जादा अट आहे. कोकणातून मुंबई बंदरात गेलेल्या कित्येक खलाशांच्या घरांसाठी ही अट निर्णायक आहे. पाणतीराने फुटलेल्या बोटीवरचा खलाशी पात्र ठरतो. त्याच बोटीवर आधीच्या फेरीत तापाने गेलेला त्याचा सोबती ठरत नाही.

नियमाचा हा उदारपणा दिल्लीतच पाहायला मिळतो. दिल्ली छावणीतील ब्रार स्क्वेअरजवळच्या युद्धसमाधी-स्थळात दुसऱ्या महायुद्धात मृत झालेल्या अविभाजित हिंदुस्थानच्या २५,००० हून अधिक सैनिकांची नामावली आहे. फाळणीनंतर तिची जोड-नामावली कराचीत ठेवली गेली. एकाच सैन्याचे मृत दोन देशांना वाटून देणे शक्य नव्हते, म्हणून यादीच दोन ठिकाणी ठेवावी लागली. या नामावलीत आघाडीपासून दूर, देशातल्या देशात सेवा बजावताना मरण पावलेले सैनिकही आहेत. त्यांच्या मरणाला कोणी ‘लढाईतले नाही’ असे म्हणून वेगळे काढले नाही.

नावाऐवजी आकडा

नियम उदार असला तरी अंमल तसा होताच असे नाही. बसरा स्मारकाचे अनावरण २७ मार्च १९२९ रोजी झाले, तेव्हा गोऱ्या सैनिकांची व हिंदी अधिकाऱ्यांची नावे भिंतीवर कोरली गेली. हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या आली. अमुक सुभेदार, आणि त्यानंतर ‘इतर इतके हिंदी सैनिक’. नावे नोंदवह्यांत राहिली, दगडावर आली नाहीत. पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर याहूनही वाईट घडले. पलटणीमागून जाणारे भिस्ती, धोबी, डोलीवाले, खेचरवाले यांच्या मृत्यूच्या नोंदी तर अनेक ठिकाणी तुटकच राहिल्या.

हे ‘त्या काळच्या रीतीला धरून’ होते, असे समर्थन केले जाते. महाराष्ट्राचा इतिहास ते टिकू देत नाही. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव भीमाच्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने १८२१ मध्ये जो स्तंभ उभारण्यास घेतला, त्यावर कंपनीच्या बाजूने मृत झालेल्या ४९ जणांची नावे आहेत आणि त्यांतील २२ नावांना ‘नाक’ हा महार सैनिकांच्या नावांना लागणारा प्रत्यय आहे. एका व्यापारी कंपनीला जे १८२१ मध्ये जमले, ते साम्राज्य सरकारला १९२९ मध्ये जमले नाही. तेव्हा सबब काळाची नव्हती, इच्छेची होती.

याची कबुली मिळायला आणखी ९२ वर्षे जावी लागली. युद्धसमाधी आयोगाने नेमलेल्या विशेष समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० आशियाई व आफ्रिकी मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने केले गेले नाही आणि किमान १,१६,०००, कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांचे नावानिशी स्मरण झालेच नाही, असे या समितीला आढळले. त्यामागे वर्णभेदाची वृत्ती होती, हेही अहवालाने नोंदवले. आयोगाने माफी मागितली आणि ब्रिटनचे तत्कालीन संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनी २२ एप्रिल २०२१ रोजी ब्रिटिश संसदेत दिलगिरी व्यक्त केली. राजकीयदृष्ट्या ही घटना मोठी आहे. परंतु तिचा व्यावहारिक अर्थ असा की, आयोगाचे दार अजून उघडे आहे. पुराव्यासह आलेला नवा दावा आजही तपासला जातो.

स्वतंत्र देशाची मोजपट्टी

परक्या सरकारच्या नावाने बोटे मोडणे सोपे असते. आपल्या सरकारने कोणती मोजपट्टी लावली, हा त्याहून अवघड प्रश्न आहे.

स्वतंत्र भारताच्या सैनिकांसाठीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक इंडिया गेटला लागूनच आहे. त्याचे लोकार्पण २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. त्यागचक्राच्या भिंतींवरील ग्रॅनाइटच्या विटांवर तेव्हा २५,९४२ नावे होती. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धापासून गोवा, १९६२, १९६५, १९७१, सियाचिन, श्रीलंका, कारगिल, दहशतवादविरोधी मोहिमा आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील बलिदानापर्यंतचा काळ त्यांत सामावला आहे. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात पडलेल्या २० जवानांची नावेही पुढे त्यात आली. २१ जानेवारी २०२२ रोजी इंडिया गेटखालची, १९७२ पासून तेवत असलेली अमर जवान ज्योती या स्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली. त्या वेळी झालेला वाद ज्योतीच्या जागेचा होता. भिंतीवर कोण येतो, यावर त्या गदारोळात फारशी चर्चा झाली नाही.

या भिंतीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग सैन्याच्या एका वर्गीकरणातून जातो. मृत्यू झाल्यावर तो ‘बॅटल कॅज्युअल्टी’ आहे की ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ हे ठरवले जाते. शत्रूशी लढताना, दहशतवाद्यांशी झालेल्या चकमकीत किंवा कारवाईच्या क्षेत्रात ठरावीक परिस्थितीत आलेला मृत्यू पहिल्या रकान्यात जातो. आजार, अपघात, प्रशिक्षणातील दुर्घटना साधारणतः दुसऱ्यात. याला समांतर अशी निवृत्तिवेतनाची वर्गवारी आहे. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने मृत्यूचे ‘ए’ ते ‘ई’ असे पाच वर्ग केले. सेवेशी संबंध नसलेल्या नैसर्गिक मृत्यूपासून ही शिडी सुरू होते आणि युद्ध, शत्रूची कारवाई, सुरुंगाचा स्फोट अशा ‘ई’ वर्गापर्यंत जाते. कारवाईसाठी सुरुंग पेरताना झालेला अपघाती स्फोटही ‘ई’ मध्येच येतो.

या अक्षरांची किंमत घराला कळते. सेवेमुळे ओढवलेल्या आजाराच्या किंवा कर्तव्यावरील अपघाताच्या वर्गात विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, ते शेवटच्या वेतनाच्या ६० टक्के. दहशतवादी हिंसाचार व युद्ध यांच्या ‘डी’ आणि ‘ई’ वर्गांत उदारीकृत निवृत्तिवेतन मिळते, ते शेवटच्या वेतनाइतके. शिवाय सानुग्रह रकमा, राज्य सरकारची मदत, मुलांच्या सवलती आणि भिंतीवरचे नाव यांपैकी बरेच काही पहिल्या काही आठवड्यांत भरल्या जाणाऱ्या एका नमुन्यातील एका शब्दावर अवलंबून राहते.

अकरा वर्षे चाललेली तपासणी

तो शब्द बदलून घेणे किती कठीण असते, याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या ३ डिसेंबर २०२४ च्या निकालात आहे. जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रण रेषेवर गस्तीवर असलेल्या एका नाईकाला कडाक्याच्या थंडीत श्वासाचा त्रास सुरू झाला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. हा मृत्यू आधी ‘बॅटल कॅज्युअल्टी’ म्हणून नोंदवला गेला, नंतर तो ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ ठरवण्यात आला आणि पत्नीला उदारीकृत निवृत्तिवेतन नाकारले गेले. ती सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेली. २०१९ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. तरीही केंद्र सरकार अपिलात गेले. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने ते अपील फेटाळले आणि त्या विधवेला ५०,००० रुपये खर्च देण्याचा आदेश दिला. तिला न्यायालयात खेचायलाच नको होते, असा निकालाचा रोख होता.

यात एका कारकुनाची किंवा एका अधिकाऱ्याची चूक शोधण्यात अर्थ नाही. दोष रचनेत आहे. गस्तीची नोंद पलटणीकडे, चौकशी न्यायालयाची कागदपत्रे मुख्यालयाकडे, वैद्यकीय अहवाल लष्करी इस्पितळाकडे. कुटुंबाकडे एक निरोप आणि तिरंग्यात गुंडाळलेली पेटी. पुरावा सारा सरकारकडे आणि तो सादर करण्याची जबाबदारी मात्र ज्याच्याकडे काहीच नाही त्या कुटुंबाकडे, अशी ही उलटी मांडणी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच, धरमवीर सिंग प्रकरणात, भरतीच्या वेळी नोंद नसलेला विकार सेवेत उद्भवला असे गृहीत धरावे आणि संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा, असे तत्त्व सांगितले होते. ते अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासंबंधी होते. मृत्यूच्या वर्गीकरणाला त्याहून कठोर कसोटी लावण्याचे समर्थन कोणत्या न्यायाने करायचे?

गणवेशाची सीमा

पात्रतेचा पहिला प्रश्न, म्हणजे ‘कोण होता’ हाही तितकाच अवघड आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात राष्ट्रीय सुरक्षा दलाचे मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि मुंबई पोलिसांचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे या दोघांनाही अशोकचक्र मिळाले. हल्ला एकच, सन्मान एकच. उन्नीकृष्णन हे लष्करी अधिकारी म्हणून युद्ध स्मारकाच्या कक्षेत येतात. ओंबळे पोलिस स्मारकाच्या. चाणक्यपुरीतील राष्ट्रीय पोलिस स्मारकाचे लोकार्पण २१ ऑक्टोबर २०१८ रोजी झाले, तेव्हा तेथे स्वातंत्र्योत्तर काळातील ३४,८४४ पोलिसांची नोंद होती. साताऱ्याच्या केडंबे गावचे ओंबळे पोलिसात येण्यापूर्वी लष्करातच होते. पण नियम मरणाच्या क्षणीचा गणवेश पाहतो, आधीचा नाही. यात अन्याय नसला, तरी स्मारकाची भिंत शौर्य मोजत नाही, सेवेची नोंद मोजते, हे यातून स्पष्ट होते.

ज्यांना गणवेश असूनही युद्धाची यादी मिळाली नाही, असेही आहेत. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या दारूगोळा वाहणाऱ्या बोटीला आग लागून जे स्फोट झाले, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. बोट युद्धसामग्रीची, बंदर युद्धाचे, वर्ष युद्धाचे. परंतु कारण शत्रूची कारवाई नव्हे, तर आग. त्यामुळे हे मृत्यू युद्धाच्या नव्हे, अग्निशमन सेवेच्या स्मरणात गेले. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्यासाठीच. एका यादीने नाकारलेल्यांना दुसऱ्या यादीने सन्मानाने सामावून घेतले, याचे हे चांगले उदाहरण आहे. अडचण होते ती कोणत्याच यादीत न बसणाऱ्यांची.

शब्दांचा गोंधळ

या गुंत्यात राजकारणाने एका शब्दाची भर घातली आहे. ‘शहीद’ हा शब्द सभांत, फलकांवर, विधिमंडळांच्या ठरावांत सर्रास वापरला जातो. परंतु सरकारी व्याख्येत तो नाही. संरक्षण व गृह मंत्रालयांनी २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे हेच सांगितले. फेब्रुवारी २०२२ मध्ये लष्करानेही हा शब्द न वापरण्याची सूचना आपल्या सर्व कमांडना दिली. मराठी माणसाला यात नवे काही नाही. संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे १०५, १०६ की १०७ ही चर्चा त्याने ऐकलेली आहे. ‘हुतात्मा’ हे लोकांनी दिलेले पद असते. यादी ही शासनाची असते.

तरीही लोकांचा शब्द आणि शासनाचा रकाना यांतील अंतर फार वाढले की अविश्वास निर्माण होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एका अग्निवीराचा सियाचिनमध्ये कर्तव्यावर मृत्यू झाला, तेव्हा हे दिसले. लष्कराने मानवंदना दिली, भरपाईचा तपशील जाहीर केला. पण अग्निपथ योजनेत नियमित कुटुंब निवृत्तिवेतन नाही, यावरून देशभर वाद झाला. त्याच बर्फात शेजारी उभ्या असलेल्या नियमित जवानाच्या आणि अग्निवीराच्या मरणात निसर्ग भेद करत नाही. शासन करते.

रेषा हवीच, ओझे मात्र बदलावे

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. महायुद्धाची मुदत ठरलेली होती, म्हणून त्या मुदतीतील प्रत्येक मृत्यू मोजता आला. भारताचे सैन्य कायमचे आहे आणि सरहद्दीवरील तणावही कायमचा आहे. सेवेतील प्रत्येक मृत्यू भिंतीवर कोरायचा तर युद्ध स्मारक आणि सेवापट यांत फरक उरणार नाही. छावणीतील वाहन अपघात आणि खंदकातील हातघाई यांना एकच वीट देणे, हा खंदकातल्या सैनिकावर अन्याय ठरेल.

आक्षेप रास्त आहे. रेषा आखावीच लागेल. म्हणूनच नियम सैल करण्याची मागणी येथे अप्रस्तुत आहे. मागणी आहे ती रेषेच्या कोणत्या बाजूला मृत्यू पडतो, हे शोधण्याची जबाबदारी शासनाने स्वतःकडे घेण्याची. प्रत्येक वर्गीकरणाची कारणे लेखी स्वरूपात कुटुंबाला द्यावीत. ती कुटुंबाला समजणाऱ्या भाषेत असावीत; बुलढाण्याच्या आईला इंग्रजी लघुरूपांचा कागद देऊन शासनाचे कर्तव्य संपत नाही. एकदा ‘बॅटल कॅज्युअल्टी’ ठरवलेला मृत्यू खाली उतरवायचा असेल, तर कुटुंबाचे म्हणणे आधी ऐकावे. आणि न्यायाधिकरणाने कुटुंबाच्या बाजूने दिलेल्या निकालाविरुद्ध यांत्रिकपणे अपील करण्याची सवय सोडावी.

जुन्या मृतांसाठी काम वेगळे आहे आणि ते महाराष्ट्र सरकारच्या आवाक्यातले आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातून गेलेले ४६ जण पहिल्या महायुद्धात परतले नाहीत. अशा अनेक गावांत ब्रिटिशांनी बसवलेल्या शिळा आहेत: या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बसऱ्याप्रमाणे येथेही आकडाच आहे. पंजाबातील सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या आणि २०२१ पासून त्या अभ्यासकांना व वंशजांना खुल्या होऊ लागल्या. जुन्या मुंबई इलाख्यासाठी तसा प्रयत्न झाला पाहिजे. गावोगावच्या शिळांची मोजणी, ग्रामपंचायतींचे दप्तर, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांतील जुन्या फायली, बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्री केंद्र, सागरचे महार रेजिमेंटचे केंद्र, खडकीचे बॉम्बे सॅपर्स यांचे अभिलेख आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील युद्ध-रोजनिश्या एकमेकांशी पडताळल्या, तर त्या आकड्यांना नावे मिळू शकतात.

कुटुंबांनाही काही करता येते. युद्धसमाधी आयोगाची यादी सर्वांना खुली आहे. तीत अनेक हिंदी सैनिकांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असा तपशील आहे. इंग्रज लेखनिकांनी कानाला जसे ऐकू आले तसे लिहिल्याने नावांची रूपे ओळखू येत नाहीत. गाव व पलटण यांवरून शोध घेतल्यास ती सापडण्याची शक्यता अधिक. सेवा क्रमांक, पलटण, हुद्दा आणि मृत्यूची तारीख या चार गोष्टींपैकी दोन जरी हाती असल्या, तरी शोध सुरू करता येतो. घरातील पदक जपून पाहावे. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर बहुधा सैनिकाचा क्रमांक व नाव कोरलेले असते.

आणि येथे दिल्लीतील मराठी अधिकाऱ्यांचा संबंध येतो. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धविषयक अभिलेख साधारणतः २५ वर्षांत खुले करण्याचे धोरण जाहीर केले. धोरण कागदावर आहे. अभिलेख मात्र कोणी मागितल्याशिवाय आणि कोणी पाठपुरावा केल्याशिवाय फडताळातून बाहेर येत नाहीत, हे नोकरशाहीत वावरणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनापासून इंडिया गेट जवळच आहे आणि जनपथावरील अभिलेखागारही फार दूर नाही. राज्याच्या निवासी आयुक्तांच्या कार्यालयात या कामासाठी एक कक्ष आणि एक जाणता अधिकारी नेमला, तर खटाव किंवा खानापूरच्या कुटुंबाला दिल्लीच्या खेपा घालाव्या लागणार नाहीत. नोएडात सेक्टर २९ मध्ये २००२ साली शहीद स्मारक उभे राहिले, ते एका जिल्ह्याच्या मृतांसाठी. तेथील निवृत्त सैनिकांना जे साधले, ते एका राज्याला न साधण्यासारखे नाही.

स्मारकावरचे नाव ही शासनाने केलेली मेहेरबानी नसते. ती शासनाने दिलेली पोच असते; माणूस नेला, तो परत आणता आला नाही, याची. पोच मागायला देणेकऱ्याच्या दारात घेणेकऱ्याने शंभर वर्षे किंवा अकरा वर्षे उभे राहायचे, ही रीत परक्या सरकारच्या काळात लाजिरवाणी होती. आपल्या सरकारच्या काळात ती अधिक लाजिरवाणी आहे.